कोनशिलेच्या मागे: सेक्टरमधील उद्यानाचा इतिहास कसा शोधावा

नवी मुंबईतील बहुतेक सार्वजनिक उद्यानांच्या प्रवेशद्वारापाशी एक कोनशिला असते. तिच्यावर उद्घाटनाची तारीख आणि समारंभाला उपस्थित असलेल्यांची नावे कोरलेली असतात, आणि उद्यानाचा इतिहास विचारला की रहिवासी तिच्याकडेच बोट दाखवतात. ती नोंद खोटी नसते. मात्र त्या जमिनीच्या दीर्घ प्रवासातील ती अगदी अलीकडची नोंद असते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा हा पट्टा १९७० पूर्वी भातखाचरांचा, खाजणांचा, मिठागरांचा आणि आगरी-कोळी गावांचा होता. आज जिथे घसरगुंडी आहे तिथे कोणाचे तरी शेत होते, त्या शेताला नाव होते, त्याच्या बांधावरून कोणाचा तरी रोजचा रस्ता जात होता. म्हणून उद्यानाचा इतिहास शोधताना पहिला प्रश्न ‘उद्यान कधी झाले?’ हा नसावा. ‘इथे आधी काय होते, आणि ते उद्यान कोणाच्या निर्णयाने झाले?’ हा असावा. पुढील पद्धत याच प्रश्नाभोवती रचली आहे.

प्रथम हद्द निश्चित करा

आपले उद्यान कोणाच्या ताब्यात आहे हे ठरल्याशिवाय एकही अर्ज करू नये. नवे शहर वसवणाऱ्या सिडको या शासकीय कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नियोजनाखाली आली. नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला. त्यानंतर सिडकोने विकसित केलेली उद्याने आणि मोकळे भूखंड टप्प्याटप्प्याने पालिकेकडे आले. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग मात्र १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत मोडतो. त्यामुळे वाशीच्या उद्यानाचे जुने कागद दोन कार्यालयांत विभागलेले असतात: आखणीचे सिडकोकडे आणि देखभालीचे पालिकेकडे. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील बाग हा वेगळा प्रकार आहे. तिचे कागद संस्थेच्या दप्तरात आणि मंजूर बांधकाम नकाशात सापडतात.

उद्यानाची पाहणी

वही, मोजपट्टी आणि फोन घेऊन उद्यानात जावे आणि किमान दोन वेगवेगळ्या वेळी जावे. शक्य असल्यास एक फेरी पावसाळ्यात भरतीच्या वेळी करावी, कारण पाणी कुठे साचते आणि कुठून वाहते यावरून जमिनीची जुनी ठेवण उघड होते. कोनशिलांचे फोटो समोरून आणि तिरक्या उजेडात असे दोन्ही घ्यावेत, कारण तिरक्या उजेडात पुसट अक्षरे उठून दिसतात. एका उद्यानात अनेकदा भूमिपूजनाची, लोकार्पणाची, नूतनीकरणाची आणि नामकरणाची अशा निरनिराळ्या कोनशिला असतात. त्या सर्वांची नोंद घ्यावी, आणि भिंतीमागे टेकवून ठेवलेली किंवा चुन्याने माखलेली जुनी पाटी शोधायला विसरू नये. नूतनीकरणात काढून टाकलेली पाटी बऱ्याचदा माळ्याच्या साहित्याच्या खोलीत पडलेली असते.

त्यानंतर जमिनीची पातळी पाहावी. उद्यान सभोवतालच्या रस्त्यापेक्षा खोलगट असेल, तर तिथे फारसा भराव पडला नसण्याची शक्यता असते. ते टेकाडासारखे उंच असेल, तर माती, राडारोडा किंवा कचरा यांपैकी कशाचा तरी भराव झालेला असू शकतो. कोपरखैरणे येथील निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे राहिले आहे, ही गोष्ट अनेक सकाळच्या फिरणाऱ्यांना ठाऊक नसते. शहराच्या खाडीकाठच्या भागात उद्यानाला लागून विस्तीर्ण तळे असेल, तर ते बहुधा धारण तलाव असते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी सेक्टरमध्ये शिरू नये आणि पावसाचे पाणी तेवढा वेळ साठून राहावे, मग ओहोटीला दारांतून बाहेर पडावे, अशी ही व्यवस्था समुद्रसपाटीच्या जवळ वसवलेल्या शहरासाठी सिडकोने आखली. तलावाकाठची बाग हे त्या जलव्यवस्थेचेच एक अंग असते, आणि तिचा इतिहास गटारांच्या नकाशाशिवाय पूर्ण होत नाही.

झाडे हा सर्वात बोलका पुरावा आहे, पण तो जपून वाचावा लागतो. सरळ रांगेत, एकसारख्या अंतरावर आणि साधारण सारख्याच घेराचे गुलमोहर, सोनमोहोर किंवा पर्जन्यवृक्ष उभे असतील, तर ती एकाच वेळची लागवड आहे असे समजावे. रांग मोडून उभी असलेली एखादी चिंच, वड, उंबर, ताड किंवा भेंड मात्र थांबून पाहण्याजोगी असते. भेंड हे किनाऱ्यालगतच्या जमिनीत आणि बांधांवर उगवणारे झाड आहे. ते उद्यानाच्या मधोमध वाकडेतिकडे उभे असेल, तर तिथून एखादा बांध जात होता का, हे पुढे नकाशात तपासावे. घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजावा. घेरावरून थेट वय काढण्याचा मोह टाळावा, कारण पर्जन्यवृक्षासारखी झाडे फार वेगाने वाढतात आणि भरपूर पाणी मिळालेले तीस वर्षांचे झाड शंभरीचे भासते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षण अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. आपल्या सेक्टरची जुनी गणना मिळाली, तर तिची आजच्या नोंदीशी तुलना करता येते.

झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, एकटी पायरी, बुजवलेल्या विहिरीचे कडे किंवा कोरीव शिळा दिसली, तर तिला हात न लावता फोटो आणि जागा टिपून ठेवावी. ठाणे परिसरात शिलाहारकालीन गधेगळ (शाप कोरलेले दानाचे दगड) आणि वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड) सापडलेले आहेत. तशी शंका आली तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवावे. शेंदराचा दगड हे गावाचे जिवंत दैवत असू शकते, हेही लक्षात ठेवावे.

सेक्टरवरून मौजे आणि सर्व्हे क्रमांकापर्यंत

सगळ्या शोधाची किल्ली याच टप्प्यात आहे आणि बहुतेक लोक इथेच अडतात. आपण सेक्टर आणि भूखंड क्रमांक वापरतो. जुना महसुली कागद मात्र मौजे (म्हणजे महसुली गाव), सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा क्रमांक यांवर चालतो. आजचे नाव फसवे असू शकते. ‘सीवूड्स’ हे नाव महसुली दप्तरात शोधून उपयोग नाही. त्या भागातील जमिनी करावे, दारावे अशा गावांच्या नावाने शोधाव्या लागतात. कोपरखैरणे म्हणताना कोपर, खैरणे आणि बोनकोडे या गावांचा विचार करावा लागतो. एकच उद्यान दोन गावांच्या शिवेवर येणेही अशक्य नाही.

हे जुळवण्याचा खात्रीचा मार्ग असा. सिडकोचा सेक्टरचा मांडणी नकाशा आणि भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशा मिळवावा. दोन्हींत न बदललेल्या किमान तीन खुणा शोधाव्यात: गावठाणाची हद्द, जुने देऊळ, मोठा नाला किंवा ठाणे-बेलापूर रस्ता. मग एक नकाशा पारदर्शक करून दुसऱ्यावर बसवावा. हे काम संगणकावर क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत करता येते आणि ट्रेसिंग पेपरवरही नीट होते. खाडीची कड ही खूण म्हणून कधीही घेऊ नये, कारण भरावामुळे तीच सर्वात जास्त सरकलेली असते. उद्यानाखाली कोणते सर्व्हे क्रमांक येतात याची यादी तयार झाली की कागदांचे दार उघडले.

सातबारा, फेरफार आणि निवाडा

स्कॅन केलेले जुने सातबारे व फेरफार महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. जे तिथे नसतील, त्यांच्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल मागावी. आजचा सातबारा पाहून थांबू नये. त्यावर शासनाचे किंवा सिडकोचे नाव दिसेल आणि तेवढ्याने काहीच कळणार नाही. हस्तलिखित जुना सातबारा हवा.

तो असा वाचावा. गाव नमुना सात, म्हणजे वरचा भाग, जमीन कोणाची हे सांगतो. तिथे काही नावांना कंस केलेला दिसतो. कंस म्हणजे त्या नावाचा हक्क पुढे संपला. नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक, आणि हक्क का बदलला याचे उत्तर त्या क्रमांकाच्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये मिळते. त्या नोंदवहीत हक्काचे स्वरूप, परिणाम झालेले भूमापन क्रमांक आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा क्रमाने असतात. वारसनोंद असेल तर मृत्यूची आणि वारसांची माहिती मिळते. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतरच्या फेरफारांत ‘कलम ३२ ग’ असा उल्लेख सापडला, तर कूळ असलेला शेतकरी १९४८ च्या कूळकायद्याखाली मालक झाल्याची ती खूण आहे. म्हणजे ज्याची जमीन सत्तरच्या दशकात शहरासाठी गेली, त्याला ती स्वतःच्या नावावर मिळून काही वेळा पंधरा वर्षेही झालेली नव्हती. उद्यानाच्या इतिहासात ही एक ओळ आली, तरी त्या जमिनीच्या दुःखाला न्याय मिळतो.

खालचा भाग, म्हणजे गाव नमुना बारा, पिकांचा आहे आणि माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा. वर्षागणिक ‘भात’, ‘गवत’ किंवा ‘पड’ (म्हणजे न कसलेली) अशी नोंद तिथे असते. सलग अनेक वर्षे ‘भात’ आणि नंतर अचानक ‘पड’ दिसू लागले, तर त्या सुमाराला खारबंदिस्ती (खाडीचे पाणी अडवणारा बांध) फुटून खारे पाणी शिरले, की संपादनाच्या चाहुलीने कसणे थांबले, हे इतर पुराव्यांवरून शोधावे.

अखेरीस भूसंपादनाचा निवाडा शोधावा. जमिनी १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखाली घेतल्या गेल्या आणि विशेष भूसंपादन अधिकाऱ्यांनी निवाडे दिले. निवाड्यात सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, जमिनीची प्रत, झाडे आणि बांधकामे यांचे वर्णन आणि ठरलेला मोबदला असतो. झाडांची यादी पाहिली की रांग मोडून उभी असलेली ती चिंच संपादनाच्या वेळी होती की नाही, हे कळू शकते.

नकाशे आणि उपग्रहचित्रे

कागदावरची जमीन डोळ्यांना दिसावी यासाठी चित्रे हवीत. गूगल अर्थमधील जुन्या चित्रांची सोय सर्वांना ठाऊक आहे. मात्र या परिसराची स्पष्ट चित्रे तिथे साधारण २००० नंतरचीच मिळतात, आणि तोवर वाशी, नेरूळ वसून झाले होते. त्याआधीच्या काळासाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर जावे. १९६० ते १९७२ या काळात टिपलेली कोरोना मालिकेची हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे १९९५ पासून खुली झाली आहेत. त्यांपैकी चांगल्या प्रतीची चित्रे मिळाली, तर बांधांच्या रेषा आणि मिठागरांचे चौकोन ओळखता येतात. १९७२ पासूनची लँडसॅट चित्रे मोफत आहेत, पण ती इतकी ढोबळ आहेत की एका सेक्टरचे उद्यान त्यांत चार-दोन ठिपक्यांत मावते. खाडीची कड आणि तिवरांचा पट्टा किती सरकला एवढे पाहायला ती पुरतात. टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टानेडा ग्रंथालयाने १९५० च्या दशकातील भारताचे १:२,५०,००० प्रमाणातील नकाशे खुले केले आहेत. त्यांचा उपयोग गावांची नावे आणि वाटा पाहण्यापुरता होतो.

सिडको आणि पालिकेचे कागद

सिडकोच्या विकास आराखड्याला शासनाने १९७९ मध्ये मंजुरी दिली. आपला भूखंड मूळ मांडणीत उद्यानासाठीच राखीव होता, की शाळा, बाजार किंवा अन्य कशासाठी, हे मांडणी नकाशाच्या जुन्या आणि सुधारित प्रती शेजारी ठेवूनच कळते. आरक्षण बदलले असेल तर १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालची सूचना राजपत्रात आणि वृत्तपत्रात आली असेल, आणि तिच्यावर नागरिकांनी हरकती घेतल्या असतील. अशी हरकतींची धारिका (फाइल) मिळाली, तर उद्यान वाचवण्यासाठी कोण उभे राहिले हे कळते, आणि ते कोणत्याही कोनशिलेवर कोरलेले नसते.

हे कागद माहितीच्या अधिकारात मागावेत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क दहा रुपये असून ते कोर्ट फी स्टँपने भरता येते. ‘उद्यानाचा संपूर्ण इतिहास द्यावा’ असे लिहिल्यास तशी माहिती अभिलेखात नाही असे उत्तर येते. कागदाचे नाव घेऊन मागणी करावी. उदाहरणार्थ: ‘मौजे …, सेक्टर …, भूखंड क्र. … वरील उद्यानाबाबत पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: (१) सिडकोकडून महानगरपालिकेकडे झालेल्या हस्तांतरणाचे पत्र व ताबा पावती, (२) उद्यानाच्या नामकरणाचा ठराव, (३) पहिल्या विकासकामाचा कार्यादेश व कामपूर्णत्वाचा दाखला. तसेच संबंधित धारिकेच्या प्रत्यक्ष पाहणीची परवानगी मिळावी.’ पाहणीची ओळ कधीही वगळू नये. धारिका स्वतः चाळताना टिपण्या, वृत्तपत्रांची कात्रणे आणि रहिवाशांची निवेदने हाती लागतात, ज्यांची नावे आपल्याला आधी माहीत नसल्याने ती मागताच आली नसती. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत वीस रुपये शुल्क भरून पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. कार्यालय चुकीचे निवडले गेले, तरी कलम ६(३) नुसार अर्ज योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत वर्ग व्हायला हवा.

ग्रंथालये

१८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय हे या परिसराच्या अभ्यासकाचे पहिले ठिकाण असावे. ठाण्यातून निघणारी ‘ठाणेवैभव’ आणि ‘सन्मित्र’ ही पत्रे स्थानिक बातम्यांसाठी उपयोगी आहेत. अंक चाळताना उद्घाटनाच्या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा पाहावा. जुन्या काळासाठी १८८२ चे ठाणे गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे तेरावे आणि चौदावे खंड, वाचावेत. पनवेल व उरणची माहितीही त्यांतच आहे, कारण तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता.

माणसांची साक्ष

कागद हाती येण्याआधी मुलाखती घेऊ नयेत आणि सगळे कागद हाती येईपर्यंत थांबूनही राहू नये. सर्व्हे क्रमांकांची यादी आणि एक जुने चित्र तयार झाले की गावठाणात जावे. तिथे पहिला प्रश्न जमिनीच्या मोबदल्याचा नसावा. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. या पट्ट्यातील कोणत्याही घरात जमिनीचा विषय निघाला की ती आठवण जवळच असते. म्हणून सुरुवात कामापासून करावी: ‘आजी, तुमच्या त्या खाचराला काय म्हणायचे? पेरणीला तिथवर कशा जायच्यात? उघाडी कुठे होती आणि ती कोण सांभाळायचे? निवट्या (चिखलातले मासे) कुठे मिळायच्या?’ खारबंदिस्तीच्या बांधाला पाणी सोडण्यासाठी जी दारे असत, त्या उघाडीची जागा सांगता सांगता माणसे स्वतःहून अख्खा शिवार डोळ्यांसमोर उभा करतात. छापील नकाशा पुढे ठेवून त्यांनाच बोटाने रेघ ओढायला सांगावी. शेताची नावे त्यांच्याच उच्चारात लिहावीत, शुद्ध करू नयेत.

दुसरे साक्षीदार म्हणजे सेक्टरमध्ये सुरुवातीला राहायला आलेली कुटुंबे. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये आणि वाशीपर्यंतची लोकल १९९२ मध्ये आली. या दोन घटनांच्या आधाराने त्यांच्या आठवणी कालक्रमात बसवता येतात. ‘ट्रेन सुरू झाली तेव्हा इथे कुंपण होते का?’ या प्रश्नाला ‘कोणत्या साली कुंपण झाले?’ यापेक्षा फार विश्वासार्ह उत्तर मिळते. त्यांच्या अल्बममधील वाढदिवसाचे आणि गणेशोत्सवाचे फोटो मागून पाहावेत, कारण मुलांच्या पाठीमागे मोकळा भूखंड, अर्धवट भिंत किंवा नुकतीच लावलेली रोपे दिसतात. तिसरे साक्षीदार माळी आणि ठेकेदाराकडचे कामगार. कोणते झाड कोणत्या वादळात पडले आणि कारंजे कधी बंद झाले, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, तरी त्यांना कोणी विचारत नाही. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि नाव छापायचे की नाही हे प्रत्येकाला वेगळे विचारावे.

ठाण्यातील उद्यानासाठी बदल

खाडीपलीकडे, ठाणे शहरात, पद्धत तीच राहते, कागद बदलतात. तिथे नगर परिषद १८६३ पासून होती आणि महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी झाली, त्यामुळे जुने ठराव नगर परिषदेच्या इतिवृत्तांत शोधावे लागतात. जुन्या शहरात सातबाऱ्याऐवजी नगर भूमापन कार्यालयातील मालमत्ता पत्रक पाहावे. मासुंदा, कचराळी किंवा उपवन यांसारख्या तलावाकाठच्या बागांचा शोध तलावापासून सुरू करावा, आणि घोडबंदर रस्त्याकडील नव्या उद्यानांचा विकासकाने पालिकेला हस्तांतरित केलेल्या सुविधा भूखंडाच्या करारापासून.

जुळवणी आणि लेखन

जमलेली प्रत्येक माहिती एका तक्त्यात मांडावी: काळ, घटना, पुरावा आणि पुराव्याचा प्रकार. प्रकारासाठी ‘कागद’, ‘चित्र’, ‘सांगोवांगी’ आणि ‘अनुमान’ असे चार शब्द पुरेसे आहेत. दोन पुरावे भांडत असतील तर एकाला गप्प करू नये. लोक नव्वद सालापासून बाग असल्याचे सांगतात आणि कार्यादेश काही वर्षांनंतरचा आहे, अशा वेळी दोन्ही खरे असू शकतात, कारण कुंपण आणि लागवड रहिवाशांनी आधी केलेली असते आणि पालिकेचे काम नंतर येते. लेखात अनुमान हे अनुमान म्हणूनच लिहावे. फेरफारातील खातेदारांची नावे सार्वजनिक दप्तरात असली, तरी त्यांची कुटुंबे जवळच्या गावठाणात राहत असतात. ती नावे छापण्याआधी त्या घरी जाऊन विचारावे, आणि त्यांनी नको म्हटल्यास ‘शिरवण्यातील एक शेतकरी कुटुंब’ एवढाच उल्लेख करावा.

लेख जमिनीपासून सुरू करून उद्घाटनाशी आणावा, तो उलट लिहू नये. तयार मजकुराची छापील प्रत, कागदांच्या नकला आणि ध्वनिमुद्रणे असा एक संच जवळच्या सार्वजनिक वाचनालयात आणि दुसरा सेक्टरमधील शाळेत ठेवावा. ज्या आजींनी खाचराचे नाव सांगितले, त्यांच्या घरी नकाशासह एक प्रत द्यावी, आणि नकाशावरची रेघ बरोबर पडली आहे का, हे छापण्यापूर्वी त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे.